समोरचं उजवं

मी आयुष्यात पहिल्यांदा शिकवायला उभी राहिले ती दर्यापूरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. ज्या शेडमध्ये पूर्वी रुई आणि सरकी वेगळी व्हायची, तिथं एका संस्थेनं मोटारचालक प्रशिक्षण वर्ग काढला होता. कपाशी दगा द्यायला लागली त्या वर्षांत आमच्याकडे असे वर्ग जागोजाग निघाले. कुणी शेळ्या पाळायला शिकवत होतं, कुणी मेणबत्त्या करायला. शेतीतून माणसं उठवायची आणि दुसऱ्या कशावर तरी नेऊन बसवायची, असा एकूण उत्साह होता. आम्ही त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवणार होतो.

माझ्याजवळ ऑटोमोबाइलचा डिप्लोमा होता आणि चालवायला आईची मोपेड. रोज सकाळी अमरावतीहून निघायचं, शेवटचा टप्पा शेअर जीपनं गाठायचा. जीपचा ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकून गाडी हाकायचा, आणि त्या जीपमधून उतरून मी सुरक्षित वाहतुकीचे नियम शिकवायची. याचं मला काही वाटत नसे. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला कशाचंही हसू यायचं.

वर्गात विसेक जण होते. त्यातले दोघं मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. एक चाचा. सारा वर्ग त्यांना चाचाच म्हणायचा. पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्याचं घर. कापूस पिंजायची लांबलचक कमान खांद्याला अडकवून सायकलवर गावोगाव फिरायचे, लोकांच्या जुन्या गाद्या उसवून कापूस फुलवून द्यायचे. मग गावागावात फोमच्या गाद्या आल्या आणि चाचांची कमान भिंतीला टांगली गेली. तरुणपणी त्यांनी याच जिनिंगचा ट्रक चालवला होता, जड वाहनाचं लायसन्स होतं. कमी होतं ते फक्त आमचं सर्टिफिकेट.

ते त्यांना का हवं होतं, हे पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. आदल्या पावसाळ्यात शाळेची बस त्यांच्या गावाजवळ नाल्याच्या वळणावर घसरली आणि शेतात जाऊन उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही, नुसती दप्तरं भिजली. पण शाळेनं त्या गावाची फेरी बंद केली. ट्रेनिंग घेतलेला ड्रायव्हर मिळाल्याशिवाय बस येणार नाही म्हणाले. पोरं सायकलवर जायला लागली आणि नऊ पोरी घरी बसल्या. त्यातली एक चाचांची, सातवीतली. मुख्याध्यापिकाबाई चाचांना म्हणाल्या, तुम्हीच आणा सर्टिफिकेट, चावी देते. चाचा दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर.

दुसऱ्या काकू. पन्नाशीच्या, घरची काळी जमीन, दारात ट्रॅक्टर. नाव नोंदवताना मी विचारलं, काकू, तुम्हाला गाडी कशासाठी शिकायची आहे?

"मले नाही चालवाची," काकू म्हणाल्या. "माह्या घरचे चालवते. ते बरोबर चालवून राहिले का नाही, ते मले पाहाचं आहे."

सगळं नीट चाललं होतं. क्लच झाला, गिअर झाले, पाट्या पाठ झाल्या. आणि चौदावा धडा आला. पुस्तक कुठल्या तरी दूरच्या ऑफिसात तयार झालेलं. धड्याचं नाव होतं ‘स्पोर्ट्स कारमधील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली’. पहिल्याच ओळीत ‘वाहनाच्या उभ्या अक्षाभोवतीच्या विचलनाचे संनियंत्रण’ होतं. मी ती ओळ मोठ्यानं वाचली. 

"मॅडम," काकू म्हणाल्या, "हे कोनाबद्दल चालू आहे?"

मलाही माहीत नव्हतं. डिप्लोमाला आम्ही हे एका परिच्छेदात उरकलं होतं. आणि स्पोर्ट्स कार तर मी फक्त वहीच्या कव्हरवर पाहिली होती.

मी तणतणत अकोल्याला गेले. संस्थेचं मुख्य ऑफिस तिथं. साहेब सरळ, उंच आणि कंटाळलेले होते. मी म्हटलं, या माणसांना बस, टेम्पो, जीप चालवायची आहे, हा धडा वगळा. साहेबांनी पुस्तक उघडून अनुक्रमणिका पाहिली. "आहे ना पुस्तकात? मग परीक्षेत येणार. प्रत्येक धड्यावर एक तोंडी प्रश्न. एकाही धड्यात भोपळा चालणार नाही." म्हणजे चौदाव्या धड्याचं उत्तर चुकलं की चाचांचं सर्टिफिकेट गेलं, बस गेली आणि त्या नऊ पोरींची शाळाही गेली. मला इतका राग आला होता की जिना उतरताना मी दोन पायऱ्या चुकवल्या.

आणि खाली उभी होती स्पोर्ट्स कार.

मी हे बनवून सांगत नाहीये. खालच्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता, त्याच्या दारात लालभडक, जमिनीला पोट टेकलेली, दोनच सीटची गाडी. भोवती पंधरा माणसं. डॉक्टरीणबाई सत्तरीच्या, सुती साडी, जाड चष्मा. मुलगा परदेशात स्थायिक झाला तेव्हा त्यानं ही गाडी आईच्या दारात आणून ठेवली होती. मी सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, बाई, तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली आहे का?

त्यांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. "आत बस," म्हणाल्या.

बाईंनी गाडी बाजार समितीच्या आवारात नेली; ते त्या दिवसांत रिकामंच असायचं. ज्या फरशीवर कापसाच्या गाड्यांना जागा पुरत नसे, तिथं नुसतं पावसाचं पाणी साचलं होतं. बाईंनी पदर खोचला.

"नीट ऐक. या गाडीला सतत दोन गोष्टी कळत असतात. एक, मी काय मागतेय. ते स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो. दोन, गाडी प्रत्यक्षात काय करतेय. त्यासाठी एक सेन्सर इथं, आपल्या दोघींच्या मध्ये, गाडीच्या पोटात. गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते त्याला कळतं. शिवाय चारही चाकांवर एकेक, कोणतं चाक किती फिरलं ते सांगायला. मागणं आणि घडणं जुळलं की संगणक गप्प. नाही जुळलं, की तो एकाच चाकाचा ब्रेक धरतो. माझा पाय ब्रेकवर नसला तरी."

"एकाच का?"

"चारही धरले तर गाडी नुसती मंदावेल. एका बाजूचं चाक धरलं की ती त्या बाजूला ओढली जाते. वळणावर गाडीचं नाक बाहेर चाललं, तर आतलं मागचं चाक धरायचं. शेपूट बाहेर चालली, तर बाहेरचं पुढचं. या गाडीचं इंजिन मागे आहे, म्हणून हिची शेपूटच जास्त वळवळते."

एवढं बोलून त्यांनी गाडी सोडली आणि डावीकडे अंग टाकल्यासारखं स्टिअरिंग फिरवलं. मी दोन्ही हातांनी सीट धरली. शेपूट उजवीकडे निघाली. तेवढ्यात पायाखालून कर्रर्र असा आवाज आला, बाईंचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेलाच असताना इंजिनाचा सूर मवाळ झाला, आणि कुणीतरी खांदा धरून सरळ उभं करावं तशी गाडी सरळ झाली. डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकला, त्यात मागे नागमोडी रेघा सोडत जाणारी चिमुकली गाडी होती. मला हसू फुटलं ते थांबेचना. शेवटी उचकी लागली.

"परत," मी म्हटलं.

आम्ही सात वेळा केलं. मग बाईंनी एक बटण दाबून ती प्रणाली बंद केली. "आता बघ." शेपूट निघाली ती निघालीच. कार्यालय, पाण्याची टाकी, चौकीदार, पुन्हा कार्यालय असं सगळं माझ्यासमोरून गेलं आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो.

"हे माझं ड्रायव्हिंग," बाई शांतपणे म्हणाल्या. "मघाचं त्याचं. पण एक लक्षात ठेव. तो पकड तयार करत नाही. जमीन चाकाला जेवढी पकड देते, तेवढीच तो नीट वापरतो. फार वेगात आलीस, तर त्याच्याही हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गाडी काढून हे सगळं वर्गाला सांगितलं. पाच मिनिटांत समोरचे सगळे माना डोलवायला लागले. तेल्हाऱ्याचे एक भाऊ होते, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवलेले. ते म्हणाले, "हे तं आपलं ट्रॅक्टरचं एकेरी ब्रेक झालं मॅडम." खरंच होतं. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक असतात. धुऱ्यावर, शेताच्या कडेला पोचलं की एकच दाबायचा आणि जागच्या जागी वळायचं. पुस्तकवाल्यांना जे उभ्या अक्षाशिवाय सांगता आलं नाही, ते माझ्या वर्गाचे पाय आधीपासून करत होते. मी हवेत गेले.

आणि लगेच खाली आले. कारण ट्रॅक्टरला समोरच्या चाकांना ब्रेक नसतो. मी विचारलं, डाव्या वळणावर शेपूट उजवीकडे घसरली, कोणतं चाक धराल? साऱ्या शेडनं एका सुरात उत्तर दिलं, "मांगचं डावं."

तसं केलं तर गाडी आणखी गरकन फिरेल, मी सांगितलं. उत्तर आहे समोरचं उजवं. त्यावर मान एकाचीही हलली नाही. ट्रॅक्टरवाल्यांना तो ब्रेक माहीत नव्हता आणि सायकलवाल्यांना तो फार चांगला माहीत होता. चाचांनी ओठ वर करून समोरचा अर्धा दात दाखवला. "ह्यो पाहा. कमान मांगं बांधून उतारावून चाललो होतो, समोरचा ब्रेक दाबला. तवापासून म्या त्याले हात नाही लावला."

चाचांना उत्तर पाठ करवून घ्यायला मी जंग जंग पछाडलं. सकाळी विचारलं तर "समोरचं उजवं". जेवून आल्यावर विचारलं तर "मांगचं डावं". हाताला जे पटत नव्हतं ते तोंडात टिकत नव्हतं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि मला झोपेतसुद्धा दात दिसत होते.

शेवटी मार्ग काकूंनी काढला. "तोंडानं शिकवून राहिल्या तुमी. गाडी करा ना एखादी."

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायची एक चारचाकी ढकलगाडी गंजत पडली होती. चाचांनी दोन दिवसांत तिला चार ब्रेक बसवले. प्रत्येक चाकावर एक फळी, दोरी ओढली की फळी चाकाला घासणार. सुतळ्या तुटायला लागल्या तेव्हा चाचा घरी गेले आणि भिंतीवरच्या कमानीची तांत सोडून घेऊन आले. कापूस पिंजायची ती आतड्याची चिवट दोरी. मी म्हटलं, चाचा, राहू द्या. ते म्हणाले, "ते तिथी नुसती लटकून होती."

मग आम्ही सगळे मिळून स्पोर्ट्स कार झालो. तेल्हाऱ्याचे भाऊ पुढे बसून सुकाणूचा दोर धरणार आणि किती वळायचं आहे ते ओरडून सांगणार. चार कोपऱ्यांवर चार ब्रेकवाले, त्यात समोर उजवीकडे चाचा. इंजिन म्हणजे मागून ढकलणारे दोघं. गाडीच्या मधोमध डोळे बांधून मी, पोटातला सेन्सर. गाडी ज्या बाजूला फिरतेय असं वाटेल तो हात मी वर करायचा. आणि संगणक कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. काकू कमरेला पदर बांधून जिनिंगच्या आवारातल्या उताराच्या कडेला उभ्या होत्या.

उतारावर आम्ही काळी माती पसरली आणि पाणी मारलं. आमची काळी माती ओली झाली की तिच्यावर माणूससुद्धा सरळ चालत नाही. पहिल्या फेरीला डावीकडे वळताना नाक बाहेर गेलं, काकू ओरडल्या, "मांगचं डावं." ते साऱ्यांच्या घरचंच काम होतं, गाडी सुरेख वळली. दुसऱ्या फेरीला शेपूट घसरली. मी डावा हात वर केला. काकू ओरडल्या, "ढकलू नका. समोरचं उजवं." चाचांनी दोरी धरली, पण ओढली नाही. मागच्या डाव्यानं मात्र सवयीनं ओढली. आम्ही भिंगरीसारखे फिरलो आणि उलटे जाऊन उताराखालच्या पराटीच्या ढिगात घुसलो. वाळलेल्या कपाशीच्या काड्या कुठे कुठे टोचल्या ते सांगता येणार नाही. डोळ्यांवरची पट्टी काढली तर अख्खा वर्ग चिखलात बसून हसत होता. फक्त चाचा हसत नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

उरलेल्या दिवसांत आम्ही किती वेळा त्या ढिगात गेलो, ते मोजलं नाही. समोरचं उजवं एकदाही ओढलं गेलं नाही.

परीक्षेला अकोल्याचे तेच साहेब आले. दुपारपर्यंत एकामागून एक तोंडी परीक्षा उरकत होते, जांभया देत होते. चाचांची तेरा धड्यांची तेरा उत्तरं बरोबर आली. मग साहेबांनी पान उलटलं. "डावे वळण. वाहनाचा मागचा भाग बाहेर घसरला. प्रणाली कोणत्या चाकास ब्रेक लावेल?"

मी भिंतीकडे तोंड केलं, कारण माझ्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं होतं.

"मांगचं..." चाचा म्हणाले आणि थांबले. "साहेब, हे तोंडानं नाही सांगता येत मले. गाडीवर बसा, दाखवतो."

तसं काही नियमात नव्हतं. पण नियमात नाही असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि साहेब सकाळपासून एकाच खुर्चीत होते. काकूंनी त्यांना विचार करायला वेळ दिला नाही. स्वतःचा रुमाल काढून त्यांचे डोळे बांधले, दंडाला धरून नेलं आणि गाडीच्या मधोमध मांडी घालून बसवलं. "तुमी पोटातलं यंत्र. जिकडं फिरल्यावानी वाटन तो हात वर करा. बाकी काही करू नका."

गाडी सुटली. तेल्हाऱ्याचे भाऊ ओरडले, "डावं, थोडंसंक." साहेबांचा डावा हात वर गेला, थोडासा. जुळलं. काकू गप्प. मग चिखल लागला, शेपूट निघाली आणि साहेबांचा हात सरळ आभाळात गेला. भाऊंनी थोडं मागितलं होतं, गाडी भलतंच फिरत होती.

"ढकलू नका," काकू गरजल्या. "समोरचं उजवं."

मी चाचांकडे बघत होते. त्यांनी डोळे गच्च मिटले, अर्धा दात ओठावर रोवला आणि दोरी ओढली.

तांत टणकन वाजली. फळी चाकावर करकरली, अगदी त्या लाल गाडीसारखी. शेपूट जागेवर थबकली, परत आली, आणि गाडी पराटीच्या ढिगाला वळसा घालून डावीकडे सरळ जाऊन उभी राहिली. मी ओरडले की रडले, मला आठवत नाही. मागचं इंजिन चिखलात पालथं पडलं होतं.

साहेबांची पट्टी अजून डोळ्यांवरच होती. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," चाचा म्हणाले. "समोरचं उजवं, साहेब."

साहेबांनी दोन्ही हातांनी गाडीची कड चाचपून धरली. गालावर चिखलाचा शिंतोडा. मग म्हणाले, "परत."

चार फेऱ्या झाल्यावर त्यांनी गाडीवर बसूनच सर्टिफिकेटवर सही केली. तिला चिखलाचा अंगठा लागला तो कायमचा.

शाळेची बस पुढच्याच आठवड्यात सुरू झाली. पोरी असल्या की बसमध्ये एक बाई लागते. चाचांनी काकूंचं नाव सुचवलं आणि काकूंना आयती चालणारी गाडी मिळाली, चालवणाऱ्याकडे बघायला. एका पावसाळी सकाळी मीही हौसेनं बसले. बस जुनी होती, खडखडत होती. मी चाचांना सांगितलं, यात ती प्रणाली नाही हं.

"मालूम आहे," चाचा म्हणाले.

नाल्याचं वळण आलं. ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून पसरली होती, वर रिमझिम. बडबडणाऱ्या नऊ पोरींनी आपापली दप्तरं मांडीवर ओढून घेतली. चाचांची पोर पहिल्या बाकावर होती, तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. चाचांनी वळणाच्या खूप आधी पाय काढून घेतला. बस माणसाच्या चालीनं जायला लागली. डॉक्टरीणबाईंचं ते शेवटचं, वेगाबद्दलचं वाक्य मी वर्गात एकदाच सांगितलं होतं.

"काकू?" चाचा मागे न बघता म्हणाले.

मी वळून पाहिलं. काकू बसच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर. चाकाखाली चिखल चिरडला जात होता. वळण संपेपर्यंत त्यांचा एकही हात वर गेला नाही.

"सरळ आहे," काकू म्हणाल्या. "चाल."